पडलेलं पिल्लू, उचललेलं पिल्लू

मे महिना लागला की पक्ष्यांची थोडीफार माहिती असलेल्या माणसाचा फोन त्याचा स्वतःचा राहत नाही. शेजारच्या इमारतीतल्या काकू, मित्राच्या ऑफिसातलं कुणीतरी, भाचीची मैत्रीण, सगळ्यांचं वाक्य एकच असतं : "अहो, पक्ष्याचं पिल्लू पडलंय. काय करू?" आवाजातली काळजी खरी असते. पाठोपाठ फोटो येतो. बुटांच्या खोक्यात कापूस, कापसावर चोच वासून बसलेला एक फुगीर गोळा, शेजारी बाटलीच्या झाकणात दूध आणि भाताची चार शितं.

माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते कुणालाच आवडत नाही. "जिथून उचललंत, तिथंच परत ठेवून या."

फोटोतलं पिल्लू बहुतेक वेळा लालबुड्या बुलबुलाचं असतं. बुलबुलाला माणसाचं वावडं नाही. गॅलरीतल्या मनीप्लँटमध्ये, जास्वंदीत, कधी तर बंद ट्यूबलाइटच्या पट्टीवरसुद्धा तो संसार मांडतो. अंडी उबायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि त्यानंतर पिल्लं घरट्यात राहतात जेमतेम 12 दिवस. बाराव्या दिवशी त्यांना धड उडता येत नसतं. शेपूट बोटाच्या पेराएवढी, पंख आखूड, डोक्यावर जावळासारखी लव. तरी ती बाहेर उडी मारतात, कारण घरटं ही फार धोक्याची जागा आहे. तीन भुकेली तोंडं दिवसभर एकाच ठिकाणी ओरडत राहिली तर मांजर, कावळा, भारद्वाज, साप यांपैकी कुणाला ना कुणाला पत्ता लागतोच. तिघं तीन दिशांना पांगली तर एखादं तरी वाचतं. म्हणून पुढचे काही दिवस पिल्लं झुडपाच्या बुडाशी, कुंडीमागे, कंपाउंडच्या भिंतीलगत बसून काढतात, आणि आईबाप तिथं येऊन त्यांना किडे, अळ्या, फळांचा गर भरवतात. उडायचं कसं, मांजर दिसलं की गप्प कसं बसायचं, हे सगळं याच दिवसांत अंगवळणी पडतं. आपण ज्याला पडलेलं म्हणतो ते पिल्लू खरं तर घर सोडून निघालेलं असतं.

नेमकं तेव्हा कुणीतरी त्याला उचलून चौथ्या मजल्यावर नेतं. समोरच्या तारेवर चोचीत अळी धरून बसलेली आई आपल्याला दिसत नाही, कारण आपण तिथं उभे असेपर्यंत ती खाली उतरतच नाही. पन्नास पावलं मागे जाऊन अर्धा-पाऊण तास गुपचूप बसलं तर ती दिसते. एवढा धीर धरणारी माणसं मला फार थोडी भेटली आहेत.

खरोखर पडलेलं पिल्लू ओळखायला अवघड नाही. अंगावर पिसं नसतात, कातडी गुलाबी आणि सुरकुतलेली असते, डोळे अनेकदा मिटलेले असतात. अशा पिल्लाला ऊब हवी असते आणि ती देणारी जागा वर फांदीवर असते. घरटं हाताला लागत असेल तर त्यात ठेवून द्यायचं. घरटंच वाऱ्यानं खाली आलं असेल तर एखादी लहान करंडी किंवा तळाला भोकं पाडलेला दह्याचा डबा घ्यायचा, त्यात पडलेलं घरटं बसवायचं आणि त्याच फांदीला, सावलीत बांधायचं. आईबाप बहुतेक वेळा हा बदल मान्य करतात. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकून देतात, ही आपल्याकडची पक्की समजूत आहे, पण पक्षी पिल्लाला ओळखतात ते मुख्यतः जागेवरून आणि आवाजावरून. हाताच्या वासाचं त्यांना फारसं काही नसतं. मला आपला संशय आहे की मुलांनी घरट्यांत हात घालू नयेत म्हणून कुठल्यातरी आजीनं ही गोष्ट रचली असावी. हेतू चांगला होता, पण तिच्यापायी परत ठेवता आली असती अशी कितीतरी पिल्लं खोक्यातच राहिली.

माळावर मात्र वेगळा न्याय लागतो. टिटवीचं किंवा तित्तराचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेच डोळे उघडे ठेवून, अंगावर लव घेऊन, आणि काही तासांत पळायला लागतं. टिटवीचं पिल्लू ढेकळाला चिकटून निपचित पडलेलं दिसलं तर ते आजारी नसतं. डोक्यावर घिरट्या घालत कर्कश ओरडणाऱ्या आईनं त्याला "हलू नकोस" असं बजावलेलं असतं. दोघांपैकी आपल्याला फक्त पिल्लू दिसतं आणि आईचा नुसता त्रास वाटतो.

*

आता खऱ्या रुग्णांकडे वळू. त्यांचा हंगाम जानेवारीत असतो.

येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गाव गच्च्यांवर राहायला जातं. तिथं चक्रीऐवजी आसारी असते, आणि तिच्यावरचा येवलेकरांचा हात बघण्यासारखा असतो. नागपुरात, मुंबईच्या गच्च्यांवर, सगळ्या गुजरातेत हीच धामधूम. पतंगाशी माझं वैर नाही. सुती दोऱ्याला खळ आणि काचेची पूड लावून दोन खांबांमध्ये वाळवायचे उद्योग मीही केलेत, बोटंही कापून घेतलीत. पण तो दोरा ताणला की तुटायचा आणि पावसाळ्यात झाडावरच कुजून जायचा. नायलॉनचा मांजा तुटत नाही आणि कुजतही नाही. त्याला सगळे चायनीज मांजा म्हणतात, पण तो बराचसा आपल्याच देशात तयार होतो. राष्ट्रीय हरित लवादानं 11 जुलै 2017 रोजी देशभर त्यावर बंदी घातली. तरी दर संक्रांतीला तो मिळतो, हे पोलिसांच्या धाडींच्या बातम्याच सांगतात.

घार यात इतकी का सापडते, याचं कारण तिच्या उडण्यात आहे. ऊन तापलं की जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेच्या खांबावर स्वार होऊन, पंख न हलवता ती गोल गोल वर जाते. शहरात हे खांब सिमेंटच्या गच्च्यांवरच उठतात, आणि पतंगही त्याच उंचीला असतात. बगळे, पोपट, कावळे सापडतात ते सकाळी बाहेर पडताना आणि संध्याकाळी रातथाऱ्याकडे परतताना. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग उडवू नका, असं आवाहन केलं जातं ते यासाठी. गुजरात सरकार 2017 पासून संक्रांतीच्या सुमारास करुणा अभियान चालवतं, त्यातही हा मुद्दा असतो. कुणी ऐकत नाही हा भाग वेगळा.

घारीच्या पंखात खांद्यापासून मनगटापर्यंत पुढच्या कडेनं कातडीचा एक पडदा ताणलेला असतो, त्याच्या कडेत बारीक स्नायुबंध असतो. पंख उघडला की हा पडदा शिडासारखा ताठ होतो, आणि पक्षी हवेवर तरंगतो तो त्याच्या जोरावर. मांजा बरोबर इथं घुसतो. पक्षी सुटायला पंख मारतो आणि प्रत्येक झटक्यासरशी दोरा करवतीसारखा आणखी आत जातो. कातडी शिवता येते. स्नायुबंध तुटला असेल तर जखम भरूनही पंख पुरता उघडत नाही, आणि पुरता न उघडणारा पंख घारीच्या काही कामाचा नसतो.

अशी घार सापडली तर पहिल्या दहा मिनिटांत आपल्याला करता येण्यासारखं फार थोडं असतं. तेवढंच करावं. तिच्या अंगावर जुना टॉवेल टाकून डोकं झाका, अंधारात पक्षी शांत होतो. दोरा ओढू नका. दोन्ही बाजूंना वीतभर शेपूट ठेवून कापा, म्हणजे आत कुठं काय गुंतलंय ते डॉक्टरला कळेल. मग भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि खोकं बंद करा. उघडून बघू नका, मुलांना दाखवू नका, फोटो काढू नका. आपल्याला प्रेमानं बघणारे डोळे पक्ष्याच्या लेखी शिकाऱ्याचेच असतात, आणि नुसत्या भीतीनं पक्षी मरतात.

खाऊपिऊ तर काहीच घालू नका. आपल्याकडे दुःखात असलेल्याच्या तोंडात पाणी घालायची रीत आहे, पण पक्ष्याची श्वासनलिका उघडते ती जिभेच्या मुळाशी, चोचीत ओतलेल्या पाण्याच्या बरोबर वाटेवर. चमच्यानं पाजलेलं पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. दूध पक्ष्यांना पचतच नाही. जखम नळाखाली धुणंही वाईट, कारण पक्ष्याच्या दंडाचं हाड पोकळ असून शरीरातल्या हवेच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. ते मोडून उघडं पडलं असेल तर पाणी त्या वाटेनं आत शिरतं. पक्ष्यांना आपल्यासारखा छाती आणि पोट यांच्यामधला पडदा नसतो, छातीचं हाड पुढेमागे हलतं तेव्हा श्वास चालतो. म्हणून पळून जाऊ नये म्हणून छातीशी घट्ट कवटाळलेला पक्षी गुदमरतो.

*

घारीच्या डॉक्टरांची गोष्ट निघाली की दिल्लीकडे जावं लागतं. चांदणी चौकात, लाल किल्ल्यासमोरच्या जैन मंदिराच्या आवारात पक्ष्यांचं जुनं, नावाजलेलं धर्मादाय रुग्णालय आहे. तिथं शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात. मांस खाणाऱ्यांवर बाहेरच्या बाहेर उपचार होतात, कारण आवारात मांस आणता येत नाही. तत्त्व म्हणून ते समजतं, पण घारीनं जायचं कुठं? नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या दोघा भावांना तरुणपणी जखमी घारींच्या बाबतीत हाच प्रश्न पडला, आणि त्यांनी वझिराबादच्या आपल्या घरात, जिथं साबणाचे डिस्पेन्सर बनवायचा त्यांचा व्यवसाय चालायचा तिथंच, घारींचा दवाखाना सुरू केला. त्यांच्यावर शौनक सेन यांनी 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट केला. 2022 मध्ये त्याला सनडान्स आणि कान अशा दोन्ही महोत्सवांत पुरस्कार मिळाले, पुढच्या वर्षी ऑस्करचं नामांकनही. पुरस्कारांपेक्षा मला त्यातलं तळघर आठवतं : एका बाजूला यंत्रं, एका बाजूला खोक्यांत घारी, आणि मध्ये टाके घालणारी दोन दमलेली माणसं.

टाके घालणं हा या कामाचा छोटा भाग. मोठा भाग कंटाळवाणा असतो. घारीची उडायची पिसं वर्षातून एकदाच, एकामागून एक झडून नवी येतात. जखम पंधरा दिवसांत भरली तरी मोडलेली पिसं पुढच्या झडतीपर्यंत तशीच राहतात, आणि तोवर तिला कोंडून ठेवायचं म्हणजे स्नायू जाणार, पायांना गाठी येणार. यावर मध्ययुगातल्या बाजदारांनी काढलेला एक उपाय आजही चालतो. त्याला मी पिसांचं कलम म्हणतो. मेलेल्या पक्ष्यांची चांगली पिसं जपून ठेवलेली असतात. मोडलेलं पीस बुडाशी कापायचं, त्याच्या पोकळ दांडीत बांबूची बारीक सळई बसवायची आणि तिच्यावर दुसरं पीस चिकटवायचं. जात तीच हवी, बाजू तीच हवी आणि क्रमांकही तोच, म्हणजे डावीकडचं सातवं पीस डावीकडच्या सातव्याच जागी. नीट बसलं तर पक्षी उसन्या पिसांवर उडून जातो आणि झडतीच्या वेळी त्याची स्वतःची पिसं येतात.

आहाराचंही असंच आहे. घरी हौसेनं वाढवलेली घारीची किंवा घुबडाची पिल्लं दवाखान्यात येतात तेव्हा पुष्कळदा त्यांचे पाय धनुष्यासारखे वाकलेले असतात. त्यांना महिनाभर उत्तमातला बोनलेस खिमा घातलेला असतो. जंगलातला शिकारी पक्षी उंदीर खातो तो हाडांसकट, केसांसकट. हाडांतून त्याला कॅल्शियम मिळतं, न पचलेला भाग तो गोळी करून तोंडावाटे टाकून देतो. नुसत्या मऊ मांसानं पिल्लाला मुडदूस होतो. वाकलेलं हाड सरळ होणं कठीण, आणि ते प्रेमानं वाकवलेलं असतं याला काही इलाज नाही.

प्रेमाचा दुसरा धोका हाडांत दिसत नाही. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या मागे रांगेनं चालणाऱ्या हंसांच्या पिल्लांचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. अंड्यातून बाहेर आल्यावर ठरावीक काळात जे हलताना दिसतं त्याला ही पिल्लं आई मानतात, आणि ती खूणगाठ पुढे सुटत नाही. 1973 चं नोबेल लोरेन्झला ज्या अभ्यासासाठी मिळालं त्यात याचा वाटा होता. हंसांच्या बाबतीत गोड वाटणारी ही गोष्ट घुबडाच्या बाबतीत त्याची शिक्षा ठरते. माणसानं एकट्यानं वाढवलेलं घुबड मोठं होऊन माणसाला जोडीदार समजतं, किंवा प्रतिस्पर्धी समजून डोक्यावर झडप घालतं. कॅलिफोर्नियाच्या कॉन्डॉर गिधाडांची जगातली संख्या 27 वर आली तेव्हा 1987 मध्ये उरलेले सगळे पक्षी पकडून पिंजऱ्यात आणले गेले. त्यांची पिल्लं वाढवताना सेवक हातावर कॉन्डॉरच्या डोक्याची बाहुली चढवून भरवत, म्हणजे पिल्लाला माणूस दिसू नये. एवढी खबरदारी घेऊनही 1992 पासून सोडलेले पहिले पक्षी घरांच्या छपरांवर आणि विजेच्या खांबांवर जाऊन बसू लागले. मग खांबांपासून दूर राहायची शिकवणी द्यावी लागली, आणि जमेल तिथं पिल्लं कॉन्डॉर आईबापांकडेच वाढवायला दिली गेली. बाहुलीला जे जमलं नाही ते त्यांना जमलं. आज कॉन्डॉर पाचशेच्या वर आहेत.

*

पक्षी सोडण्याचा क्षण सगळ्यांना आवडतो. खोकं उघडतं, घार भरारी घेते, टाळ्या पडतात. पुढं काय होतं ते कुणाला माहीत नसतं, कारण तिच्या पायात कडी नसते. आपल्याकडे पक्ष्यांना कडी घालायचं काम जुनं आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं ते 1927 मध्ये धार संस्थानात सुरू केलं. पण दवाखान्यातून सुटलेल्या पक्ष्यांचा माग क्वचितच ठेवला जातो. जिथं ठेवला गेला तिथं कधी कधी धक्का बसतो. उत्तर अमेरिकेत जहाजांच्या तेलात माखलेले गिलेमॉट हे समुद्रपक्षी धुऊन, पुसून, खाऊ घालून सोडले जात. 1996 मध्ये त्यांच्या कड्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा दिसलं की पुन्हा सापडलेल्यांपैकी बरेचसे आठवडाभरातच मेले होते.

म्हणजे हा खटाटोप व्यर्थच का? चार वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत नेमकी उलट गोष्ट घडली. जून 2000 मध्ये केपटाऊनजवळ 'ट्रेझर' नावाचं मालवाहू जहाज बुडालं, आणि त्याचं तेल रॉबेन आणि डासेन या पेंग्विनांच्या बेटांकडे सरकलं. सुमारे 19,000 पेंग्विन तेलानं माखले. हजारो स्वयंसेवकांनी ते एकेक करून धुतले आणि त्यांतले बहुसंख्य जगले. ते काम थोर होतंच, पण माझ्या मते खरी हुशारी शेजारी चालली होती. अजून तेल न लागलेले सुमारे 19,500 पेंग्विन पकडून ट्रकांत घातले गेले आणि सुमारे 800 किलोमीटर दूर पोर्ट एलिझाबेथजवळ समुद्रात सोडले गेले. पेंग्विन घरी परत येणारच, हे गृहीत होतं. फक्त त्यांना वेळ लागायला हवा होता. पीटर, पामेला आणि पर्सी या तिघांच्या पाठीवर उपग्रहाला दिसणारी यंत्रं बसवली होती, आणि देश रोज नकाशावर त्यांचा प्रवास बघत होता. ते घरी पोचेपर्यंत किनाऱ्याजवळचं तेल बरंचसं साफ झालं होतं. त्या पेंग्विनांना ना साबण लागला, ना पिंजऱ्यातले महिने.

आपल्या गिधाडांची गोष्ट याहून बोलकी आहे. नव्वदच्या दशकात भरतपूरला डॉ. विभू प्रकाश यांना गिधाडं मान टाकून बसलेली आणि मग झाडावरून खाली पडलेली दिसू लागली. हरियाणात पिंजौरला 2001 मध्ये त्यांच्यासाठी शुश्रूषा केंद्र निघालं, पण आजार कळल्याशिवाय शुश्रूषा कशाची करणार? मेलेल्या पक्ष्यांच्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर सापडत होता, म्हणजे मूत्रपिंडं निकामी होत होती. पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं कारण शोधलं आणि ते 2004 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. गुरांना दुखण्यावर सर्रास टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं. 2006 मध्ये भारतानं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम बाजारात होतंच. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत हजारांतलं जेमतेम एखादं उरलं होतं. पिंजौर आता प्रजनन केंद्र म्हणून ओळखलं जातं, पण तिथं वाढलेलं गिधाड बाहेर सोडायचं तर आधी आजूबाजूच्या औषधांच्या दुकानांत काय विकलं जातं ते तपासावं लागतं.

मांजाचंही तेच आहे. संक्रांतीच्या आठवड्यात पुण्यातली रेस्क्यू ही संस्था, नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, परळचं जनावरांचं जुनं रुग्णालय यांसारख्या ठिकाणची माणसं कितीही जागली, तरी झाडांवर लोंबणारा मांजा फेब्रुवारीतही तिथंच असतो, मे महिन्यातही असतो. वटवाघळं त्यात रात्री अडकतात आणि सकाळी दिसतात.

तेव्हा संक्रांत झाली की पुढच्या रविवारी गच्चीवरचा, कुंपणावरचा, हाताला येणारा मांजा गोळा करा आणि त्याचे बारीक तुकडे करूनच कचऱ्यात टाका. विजेच्या तारांवरचा स्वतः काढू नका. घरात पुठ्ठ्याचं एक खोकं आणि एक जुना टॉवेल बाजूला काढून ठेवा. वनविभागाचा हॅलो फॉरेस्ट क्रमांक 1926 आहे, तो फोनमध्ये असू द्या. रानातला पक्षी घरी पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे खोक्यातला पाहुणा त्याच दिवशी जाणत्या हातांत गेला पाहिजे. आणि मे महिन्यात कुंडीमागे बुलबुलाचं पिल्लू बसलेलं दिसलं, तर आधी आपलं मांजर घरात घ्या.